रुपयातला एक आणा

"लग्नाआधी तुम्ही दोघं एकमेकांचे नातेवाईक होतात का?" डॉक्टर मीनल यांनी विचारलं.

"नाही," धम्मपाल सर म्हणाले.

वर्गात हजेरी घेतानाही सर इतके तडक बोलत नसत. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, मंजुषाबाईंनी, एकदा नवऱ्याकडं पाहिलं आणि मग छताच्या पंख्याकडं. पंखा बंद होता, पण त्या खोलीत पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं, फक्त उलटं होतं. मंजुषा ही सरांच्या सख्ख्या आत्याची, बोथच्या पंचफुलाबाईंची मुलगी. ज्या मांडवातून ती सरांच्या तामसीच्या घरात आली, त्याच मांडवातून सरांची बहीण अश्विनी मंजुषाच्या भावाला, शुद्धोधनला दिली गेली. पोरगी द्या, पोरगी घ्या. याला साटंलोटं म्हणतात. मांडव एक, जेवण एक, लग्नं दोन. आणि पुढं जन्मभर एका घरात भांडं आपटलं की आवाज दुसऱ्या घरात.

डॉक्टर मीनल हैदराबादहून आठवड्यातून एकदा आदिलाबादच्या त्या दवाखान्यात यायच्या. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर. सरांचा मुलगा हर्षदीप, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, आतल्या खोलीत पडून होता. त्याच्या हाडांनी रक्त बनवणं थांबवलं होतं. हिरड्यांतून रक्त यायचं, दंडावर निळे डाग उमटायचे, आणि बाहेरून चढवलेलं रक्त पाहुण्यासारखं चार दिवस राहून निघून जायचं. दुसऱ्या कोणाच्या हाडातला गर, बोन मॅरो, त्याच्या अंगात घालणं हाच खरा इलाज होता. तो होईपर्यंत एखादा साधा तापही त्याला घेऊन जाऊ शकत होता. हे डॉक्टरांनी गोड करून सांगितलं नाही.

"आजाराचा आणि नात्याचा काही संबंध नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी विचारते ते दात्यासाठी. तुमचं दोघांचं आणि बहिणीचं, तिघांचंही अर्धंच जुळलंय. अर्ध्यावरही करता येतं, पण जोखीम मोठी. तो रस्ता शेवटचा. नात्यातलं लग्न असतं, तर आते-मामे भावंडांतही शोधलं असतं. नाही म्हणता, तर देशभरातल्या दात्यांमध्ये शोधू."

"शोधा," सर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर येईपर्यंत मंजुषाबाईंनी दम धरला.

"काऊन खोटं बोलले तुमी?"

"भाग्यश्री उभी होती तिथं."

भाग्यश्री म्हणजे तिथली नर्स. सरांची जुनी विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची. सर विज्ञान शिकवायचे आणि दर विज्ञान दिनाला दहावीच्या पोरांपुढं एकच भाषण द्यायचे: रक्ताच्या नात्यात लग्न नको. भाषण चांगलं होतं, खरंही होतं. त्यातली दोन वाक्यं भाग्यश्रीनं सरांच्या आग्रहावरून पाठ केली होती आणि तिला बक्षीस म्हणून पेन मिळालं होतं. तेच पेन असावं असा सरांना संशय होता. ते आत्ता तिच्या खिशाला होतं.

"पोट्टा अंदर पडला हाय," मंजुषाबाई म्हणाल्या, "अन् तुमाले पोरीची लाज."

"आजाराचा संबंध नाही म्हणाल्या ना त्या."

"दात्याचा हाय म्हणे. ते आयकलं नाई का? बोथले सपना हाय."

"बोथला जायचं?" सरांनी असं विचारलं, जणू कोणी चंद्रावर जायचं म्हटलं होतं. "मी?"

बोथचं प्रकरण असं होतं. तीन वर्षांपूर्वी जयंतीच्या सभेला शुद्धोधननं सरांना प्रमुख वक्ता म्हणून बोलावलं. शुद्धोधन मंडल ऑफिसात, म्हणजे तिथल्या तहसील कचेरीत, क्लार्क. मंडप, हार, माइक, सगळं त्यानंच उभं केलं. पहिल्या रांगेत तो, अश्विनी, त्यांची एकुलती एक मुलगी सपना आणि नव्या लुगड्यात पंचफुलाबाई. म्हातारीनं मनाशी ठरवलं होतं की आज सभा झाली की सपना अन् हर्षदीपचं पक्कं करून टाकायचं. सर उभे राहिले आणि नेहमीच्या भाषणाला लागले. बोलता बोलता म्हणाले, "अशी लग्नं करणारा माणूस शिकलेला असला तरी अडाणीच समजावा." स्वतःचं लग्न त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. स्टेजवर चढला की माणूस घरचा राहत नाही. शुद्धोधन शांतपणे उठला, त्यानं स्वतः लावलेली माइकची वायर स्वतःच्या हातानं उपटली आणि घरी गेला. तेव्हापासून अश्विनीचं माहेर बंद. साट्यालोट्याच्या हिशेबानं मंजुषाबाईंचंही.

"फोन करते मी मायले," मंजुषाबाई म्हणाल्या.

"थांब जरा. देशात कोणी ना कोणी सापडेल."

देशात कोणी सापडलं नाही.

ते उत्तर यायला दोन आठवडे लागले आणि तेवढ्या काळात हर्षदीप बारीक होत गेला. त्याच्या खोलीत जाताना तोंडाला पट्टी, हाताला औषध. "बाबा, तुमी पट्टी लावून चांगले दिसता," तो म्हणाला. "भाषण बी कमी आयकू येते." सर हसले. बाहेर येऊन त्यांनी पट्टी काढलीच नाही, बराच वेळ.

हर्षदीपची मोठी बहीण प्रगती हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत होती, आणि तिचं काम नेमकं हेच होतं. आपल्या शरीरात काही जनुकं घरचा कोण आणि परका कोण हे ओळखण्याच्या कामावर असतात. त्यांना एचएलए म्हणतात. मॅरो जुळला म्हणजे ही जनुकं जुळली. भानगड अशी की त्यांतल्या एकेका जनुकाच्या हजारो जाती आहेत, आणि सगळ्या एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या, की एकीला हाक मारावी तर चौघींनी ओ द्यावी. म्हणून ते काम कॉम्प्युटरच्या प्रोग्रामकडं असतं. तो रक्तातून वाचलेले बारीक तुकडे एका मोठ्या सूचीशी ताडून पाहतो आणि सांगतो: बापाकडून या नावाची जात आली, आईकडून त्या.

प्रोग्राम हुशार होता, पण त्याला एक खोड होती. माहीत नाही असं तो म्हणत नसे. सूचीत नसलेलं काही समोर आलं, की जवळचं नाव ठोकून पुढं जायचा. जसा एखादा गिरदावर शेतात न उतरता बांधावरूनच पीक लिहून टाकतो, कापूस असेल म्हणून. आणि सूची कोणाची? जगात ज्यांचं रक्त तपासलं गेलं त्यांची. तामसीच्या बसमधून उतरून तिथवर कोणी पोचलं नव्हतं.

कोणीच जुळत नाही हे कळल्यावर प्रगतीनं डॉक्टर मीनल यांच्याकडून हर्षदीपचे मूळ तुकडे मागवून घेतले आणि प्रोग्रामला बाजूला ठेवून स्वतः बघत बसली. बाकीच्या जनुकांपुढं एकेकच नाव होतं. एकापुढं मात्र दोन होती. या जनुकाचा पहिला अर्धा भाग एका नावाशी बसत होता, उरलेला अर्धा दुसऱ्या नावाशी. पण खरंच दोन जाती असत्या, तर दोन्हींचे तुकडे अथपासून इतिपर्यंत मिसळलेले दिसले असते. ते कुठंच दिसेनात. जात एकच होती. अर्धी याच्यासारखी, अर्धी त्याच्यासारखी, आणि सूचीत नसलेली. बापाकडून तीच, आईकडूनही तीच. आईबाप परके आहेत असं सांगितलं गेल्यामुळं प्रोग्रामनं प्रामाणिकपणे एकीच्या दोन करून दिल्या होत्या.

हे त्याला कोणी सांगितलं, याचा विचार करायला तिला वेळ लागला नाही. तिनं फोन लावला.

"बाबा, डॉक्टरले तुमी काय सांगतलं? आई अन् तुमी नात्यातले नाई म्हणून?"

"तू कामावर असशील ना आता?"

"कामच करून राह्यली मी. देशभर ज्या नावानं शोधून राह्यले ना, त्या नावाचा आपला हर्षदीप नाईच. त्याच्या दोन्ही बाजूनं एकच जात हाय अन् तिले नावच नाई. ते तुमच्या आजाच्या घरचं हाय. तिथून आबाले आलं, आबाकडून तुमाले. आबाच्या बहिणीले, पंचफुला आजीले आलं, तिच्याकडून आईले. ते बाहेर कोणाकडं भेटन? भेटलं त बोथलेच भेटन."

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "सपनाकडं असण्याची शक्यता किती?"

"सोळात एक."

सरांनी मनातल्या मनात मांडून पाहिलं. अश्विनीकडं आलं असेल तर अर्धं, शुद्धोधनकडं आलं असेल तर अर्धं, आणि त्या दोघांनी सपनाला नेमकं तेच दिलं असेल तर पुन्हा अर्ध्याचं अर्धं. गणित बरोबर होतं. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर गणिताचा त्यांना राग आला.

"बाबा, मी निघून राह्यली. उद्या बोथले दोघं जाऊ. तुमी बोलसान, मी नमुना घेईन."

"तू बोल ना. तुझा मामा तुझ्यावर रागावलेला नाही."

"पोरगा तुमचा हाय," प्रगती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं आदिलाबादहून बोथच्या बसमध्ये बसले. इच्चोडा येईपर्यंत सर ओठ हलवत होते. भाषणाची तयारी करण्याची त्यांची ती सवय होती. इच्चोड्यानंतर त्यांनी ती सोडून दिली.

शुद्धोधन ओसरीवर होता. ऑफिसला निघायच्या बेतात, एक चप्पल पायात.

"जय भीम," सर म्हणाले.

"जय भीम. या सर." शुद्धोधननं दुसरी चप्पल घातली नाही, पहिली काढलीही नाही. "माइक नाई लावला आज. अवाज पोचन ना?"

"मामा," प्रगती म्हणाली, "हर्षदीप लय बिमार हाय."

"मालूम हाय. तुह्या आत्यानं सांगतलं." आत्या म्हणजे त्याचीच बायको, अश्विनी. माहेर बंद असलं तरी फोन चालू होता, हे सरांना तिथं उभ्या उभ्या कळलं.

आतून पंचफुलाबाईंचा आवाज आला. "दारात काऊन उभं केलं रे त्याइले? भाच्चा हाय मायाच. बस धम्मपाल. पाणी दे व अश्विनी."

अश्विनीनं पाणी आणलं. भावाकडं पाहून तिनं एवढंच विचारलं, "जेवते का तो?"

"थोडंसं."

"मंग सांग काय ते," शुद्धोधन म्हणाला.

सरांनी सांगायला सुरुवात केली. जनुकं, जाती, सूची, प्रोग्राम. सर्वांना कळेल असं सांगत होते. तेवढी हातोटी त्यांच्याकडं होती. पण डॉक्टरांच्या प्रश्नापाशी आले आणि अडखळले. ते वगळून पुढं जाता येत होतं. प्रगती त्यांच्याकडं बघत होती.

"डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही नात्यातले का," सर म्हणाले. "मी नाही म्हणालो."

परसातली कोंबडी तेवढी बोलत राहिली.

"नाई म्हणाले," शुद्धोधन सावकाश म्हणाला. "ष्टेजवर आमाले अडाणी म्हणाले, ते मी समजू शकतो. वक्त्याले टाळ्या लागते. पण तिथं डॉक्टरपुढं, स्वताचा पोरगा मरून राह्यला असतानी, मायी बहीण तुमच्या शेजारी बसली असतानी, नातं नाई म्हणाले. मंग नातं नसलेल्याच्या घरी कायले आले तुमी? दात्यासाठी बाजारात जा. भैंसा गावचा बाजार मोठा हाय."

"शुद्धोधन," म्हातारी म्हणाली.

"तू थांब व माय. किती चान्स हाय म्हणे, प्रगती?"

"सोळात एक, मामा."

"म्हंजे रुपयात एक आणा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"हो आजी. तेवढाच."

"एका आण्यासाठी आले ना मंग. एवढं वाकणं त्याले सोपं नसन गेलं." म्हातारीनं पाय पोटाशी घेतले. तिच्या चेहऱ्यावर आता माया नव्हती, हिशेब होता. "धम्मपाल, नमुना घे. निघालं त सपना देईन बी. पण त्या दिवशी जे राह्यलं ते पूरं कर. पोट्टा बरा झाला का सपनाले करून घेजो. जबान दे."

"आजी," प्रगती म्हणाली.

"तुले नाई इचारून राह्यली."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. मंजुषाबाई होत्या. बोलणं छोटं होतं आणि सर फक्त "किती?" आणि "कधीपासून?" एवढंच म्हणाले.

"ताप आला त्याला," ते म्हणाले.

प्रगती उठून उभी राहिली. अश्विनी भिंतीला टेकली. सरांनी आत्याकडं पाहिलं. वीस वर्षांचं भाषण, पाठ केलेली वाक्यं, बक्षिसाची पेनं, सगळं त्या ओसरीवर त्यांच्यासमोर येऊन बसलं असणार, पण ते बसून राहिलं आणि सर म्हणाले, "दिली. जबान दिली."

"आयकलं का सगळ्याइनं," शुद्धोधन म्हणाला. "सर नात्यात पोरगा देऊन राह्यले." पण त्याच्या आवाजात मजा उरली नव्हती. मेव्हण्याचा चेहरा पाहून ती सांडून गेली होती.

मग सपना बाहेर आली. ती इतका वेळ दाराआड होती आणि लपायचा तिनं विशेष प्रयत्न केला नव्हता. बी.एड.ला होती, प्रगतीहून लहान, बापासारखी नाकानं सरळ.

"झाली का तुमची बैठक?" ती म्हणाली. "आजी, लगनाचं मी पाहीन. मामा, तुमची जबान तुमच्यापाशी ठेवा, मले पाह्यजे तवा मी मागन. मले इचारलं का कोणी, सुई टोचते का तलवार?"

"नमुन्याले नुसती कापसाची काडी," प्रगती म्हणाली. "तोंडातून फिरवायची. जुळलं तर मंग हैदराबाद, बेशुद्ध करून कमरेच्या हाडातून काढते. दुखते काई दिवस. मॅरो परत भरून येते."

"सासरी सांगता येते ना मंग, का पोरगी अर्धी नाई झाली म्हणून," सपना म्हणाली आणि तोंड उघडलं.

प्रगतीनं गालाच्या आतून काडी फिरवली. शुद्धोधननं तोंड दुसरीकडं केलं होतं. मग तो उठला, एका चपलेनिशीच मोटरसायकलपर्यंत गेला आणि ओरडून म्हणाला, "बसनं कायले जाता. ताप आला म्हणता ना. बसा दोघं मांघं."

हायवेवर तिघं एका गाडीवर.

तापानं हर्षदीपला दोन दिवस धरून ठेवलं. सलाइनमधून एकापाठोपाठ एक औषधं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि त्याच दिवशी, हर्षदीपचं रक्त आधी तपासलेल्या लॅबमधून, त्याच प्रोग्रामनं काढलेलं सपनाचं उत्तर आलं.

डॉक्टर मीनल यांनी ते टेबलावर ठेवलं. खोलीत सर, मंजुषाबाई, प्रगती आणि दाराशी भाग्यश्री.

"जुळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एका जनुकात फरक आहे. हर्षदीपचं एक नाव तिच्यात आहे, दुसरं वेगळंच आहे."

मंजुषाबाईंनी पदर तोंडाशी नेला. प्रगती टेबलावर वाकली आणि तिचा आवाज चढला.

"मॅडम, हे फरकच नाई. तीच खोड. जात एकच हाय, हर्षदीपमधी त्यानं तिचे हे दोन तुकडे केले, सपनामधी ते दोन केले. दुसऱ्या अर्ध्यासारखी दिसणारी नावं सूचीत बरीच हायेत, त्यातलं जे हाती लागलं ते उचललं. मी दोघांचे तुकडे शेजारी ठेवून पाह्यले. एक अक्षर इकडं तिकडं नाई."

"तू बहीण आहेस," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या.

"मी हे काम करते, मॅडम."

"म्हणूनच तुझं ऐकतेय. पण तू बहीण आहेस, म्हणून तुझ्या शब्दावर मी हे करणार नाही. तुझं चुकलं असेल आणि मी परका मॅरो घातला, तर त्याच्या अंगातलं नवं रक्त त्यालाच खाईल. तुकडे न करता अख्खं जनुक एका दमात वाचणारी दुसरी लॅब आहे. दोघांचं रक्त तिकडं पाठवू. ते सांगतील ते मी मानेन, आणि तूही मानायचं." त्या सरांकडं वळल्या. "त्यांना मात्र खरं सांगावं लागेल. दाता आणि रुग्ण एकमेकांचे कोण, आणि आईवडील एकमेकांचे कोण."

सर उभे राहिले. बसून सांगता आलं असतं, पण सवय.

"माझी पत्नी माझ्या सख्ख्या आत्याची मुलगी," ते म्हणाले. "माझी बहीण तिच्या भावाला दिली. सपना त्यांची. मागच्या वेळी मी खोटं बोललो." आणि ते दाराकडं पाहून म्हणाले, "भाग्यश्री, तुला मी शिकवलं ते बरोबर होतं. मी सांगितलं ते चूक होतं."

"मालूम हाय सर," भाग्यश्री म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमी आत्याच्या घरी केलं ते. आमच्या आख्ख्या वर्गाले मालूम होतं. मायी आईच आली होती त्या लगनाले जेवायले." तिनं खिशाचं पेन काढलं आणि रक्ताच्या नळीवर हर्षदीपचं नाव घातलं. "तरी आमी पाठ करत होतो. तुमी एवढं मन लावून सांगत होते."

दुसऱ्या लॅबच्या उत्तराची वाट पाहणं सगळ्यात वाईट गेलं. हर्षदीपला चढवलेलं रक्त आता दोनच दिवस टिकत होतं. शुद्धोधन रोज ऑफिस सुटलं की बोथहून आदिलाबादला यायचा, दवाखान्याच्या पायरीवर बसायचा, सरांशी बोलायचा नाही, आणि आठच्या सुमारास परत जायचा. चौथ्या की पाचव्या दिवशी सरांनी त्याला चहा नेऊन दिला. त्यानं घेतला. साखर कमी आहे म्हणाला. बोलणं सुरू झालं ते असं.

ज्या दिवशी उत्तर येणार होतं, त्या दिवशी अश्विनी, सपना आणि पंचफुलाबाईही आल्या. बाकावर जागा पुरेना. डॉक्टर मीनल फोन कानाला लावून आपल्या खोलीतून बाहेर आल्या, समोरच्याचं ऐकत, मधेच "दोन्ही प्रती?" असं विचारत. मग त्यांनी फोन खाली केला. त्यांनी आधी प्रगतीकडं पाहिलं.

"एकच जात. दोघांच्याही दोन्ही बाजूंना तीच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक अक्षराचा फरक नाही. बाकीची सगळी जनुकंही जुळतात," त्या म्हणाल्या. "तू बरोबर होतीस. पुढच्या आठवड्यात हैदराबाद."

प्रगती खाली बसली. जमिनीवरच. मंजुषाबाईंनी सपनाचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"अन् नाव काय म्हणे त्या जातीचं?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"सूचीत नाही आजी. आता नवीन नोंद होईल. नंबर मिळतो."

"मूळ तामसीचं आहे," सर हळूच म्हणाले.

"मायच्या बाजूनं बोथचं बी हाय," शुद्धोधन म्हणाला.

"नंबर मिळतो," डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. मग त्यांना म्हातारीच्या मनातलं कोणीतरी सांगितलं असावं, कारण त्या तिच्याजवळ बसल्या. "आजी, यांचं लग्न ठरवलंय म्हणे तुम्ही. सरांचं भाषण बरोबर आहे, ते ऐकत जा. या जनुकांच्या बाबतीत ही दोघं सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जवळची निघाली."

पंचफुलाबाईंनी विचार केला.

"मंग रद्द," त्या म्हणाल्या. सपनानं कपाळाला हात लावला, पण तो नमस्कारही असू शकेल.

हैदराबादला सपनाच्या कमरेतून काढलेला गर एका लाल पिशवीत आला आणि हर्षदीपच्या हाताच्या नळीतून थेंब थेंब गेला. दिसायला ते नेहमीच्या रक्तासारखंच होतं, म्हणून सरांना ते पुरेसं वाटेना. त्यानंतरचे दिवस काचेपलीकडचे. त्याचं जुनं रक्त औषधांनी संपवलेलं आणि नवं अजून आलेलं नाही, अशा मधल्या जागेत पोरगा पडून होता. रोज पांढऱ्या पेशी मोजायचे आणि रोज शून्य. सर काचेला कपाळ टेकून उभे राहायचे. आतून हर्षदीप एकदा हातानं खूण करून म्हणाला, घरी जा. ते गेले नाहीत. शुद्धोधनही रजा टाकून खालच्या धर्मशाळेत राहिला होता आणि रजेचं कारण म्हणून त्यानं 'भाचा' असं लिहिलं होतं.

मग एका सकाळी शून्याच्या जागी दुसरा आकडा आला. लहान होता. दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला.

महिनाभरानं आणखी एक तपासणी झाली: नवं रक्त कोणाचं, हर्षदीपचं की दात्याचं. त्या दिवशी दोन्ही घरं पुन्हा एका बाकावर होती. डॉक्टर मीनल बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

"धरलं," त्या म्हणाल्या. "औषधं अजून बरेच महिने चालतील, जपावं लागेल. पण त्याच्या हाडात आता सपनाचं रक्त बनतंय. तपासणीत त्याच्या रक्ताची प्रत्येक पेशी मुलीची दिसते."

"मुलीची?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"रक्तापुरती, आजी. बाकी तो आहे तोच."

"सगळं रक्त पोरीचं?"

"सगळं."

म्हातारी भाच्याकडं वळली.

"धम्मपाल, म्हंजे आमची पोरगी तुह्या घरी आलीच."

सर बाकावर तिच्याजवळ सरकले.

"आमी दिली," पंचफुलाबाई म्हणाल्या. "साटं झालं. आता लोटं काय देतं ते सांग."

"आत्या," सर म्हणाले, "मागाल ते."

"जयंतीले बोथले ये. त्याच ष्टेजवर उभा राह्य. पह्यले सांग, आमी तुहे कोण. मंग सांग, पोट्टा कोणाच्या रक्तावर चालून राह्यला. त्याच्यानंतर तुले जे भाषण द्यायचं ते दे, नात्यात लगन नोको म्हण, काईबी म्हण. आमी उठणार नाई."

सर मान हलवत राहिले. प्रगतीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला.

"माइक मी लावतो," शुद्धोधन म्हणाला, आणि जरा थांबून, "पण थोडक्यात."